किक मारेल त्याची गाडी

कृष्णकांत खानझोडे गेले तेव्हा त्यांची मोटारसायकल वयाने त्यांच्याहून थोडीच लहान होती आणि तब्येतीने बरीच बरी होती. महाल वस्तीतल्या त्यांच्या घरात बैठकीची खोली गाडीची. सोफा व्हरांड्यात. चारुशीलाबाईंनी विमा कचेरीत नोकरी करून संसार चालवला आणि कृष्णकांतरावांनी रोज सकाळी गाडीची टाकी पुसली. कामाची अशी रीतसर वाटणी असल्याने दोघांत भांडणं फारशी झाली नाहीत.

तेरवीला त्यांचा क्लब आला. दर रविवारी सदर भागातल्या एका हॉटेलात चहा पीत जुन्या मोटारसायकली जतन करणारी ही मंडळी. त्यातला तरुण चेहरा म्हणजे सदुसष्ट वर्षांचे धम्मानंद. हा वारसा पुढच्या पिढीकडे सोपवायचा, असा ठराव क्लब दरवर्षी एकमताने मंजूर करी आणि पुढची पिढी दरवर्षी पुण्याला निघून जाई. सेक्रेटरी नत्थूजींनी हार घातलेल्या फोटोला झटकन हात जोडले, मग वाकून इंजिनाचं सावकाश दर्शन घेतलं.

"लय वाईट झालं जी, वहिनी," ते वाकूनच म्हणाले. "कार्बोरेटर ओरिजिनलच आहे ना?"

त्यानंतर एकेक सभासद एकटाच येऊन गेला. गाडी आपल्याकडे यावी हीच कृष्णकांतरावांची शेवटची इच्छा होती, असं प्रत्येकाने गाडीकडे पाहत सांगितलं. आपल्या नवऱ्याला इतक्या शेवटच्या इच्छा होत्या हे बाईंना ठाऊकच नव्हतं. दवाखान्यात त्यांनी फक्त पातळ वरण मागितलं होतं.

शेवटी बाईंनी सगळ्यांना एकाच रविवारी बोलावलं. गाडी अंगणात उभी होती, टाकीत पेट्रोल होतं.

"मला पैसे नकोत," बाई म्हणाल्या. "जो किक मारून सुरू करेल आणि चालवत नेईल, त्याची गाडी. टेम्पोत घालून न्यायची असेल, तर इथेच बरी आहे."

गुडघ्याचा पट्टा आवळून नत्थूजी पुढे झाले. पहिल्या किकला गाडी खोकली, दुसऱ्या किकला नत्थूजी खोकले. तिसरी किक उलटली आणि ते पायरीवर बसले ते बसलेच. धम्मानंदांनी पाय उचलला तोच त्यांच्या पत्नीचा, मायाताईंचा, फोन आला.

"काय करून राहिले तुम्ही? डॉक्टर काय म्हणाले, आठवते ना?"

"काही नाही वं, नुसता पाहून राहिलो," म्हणत धम्मानंदांनी हृदयात स्टेंट असलेल्या माणसाला शोभेल अशी माघार घेतली.

धम्मानंदांना स्कूटरवरून घेऊन आलेला त्यांचा पुतण्या विक्की इतका वेळ मोबाईल पाहत होता. कंटाळून त्याने एक किक हाणली. गाडी सुरू झाली. सारी गल्ली त्या आवाजाने भरून गेली. क्लबच्या डोळ्यांत पाणी आलं, पैकी काही धुराने. तेरवीच्या दिवशीही न रडलेल्या चारुशीलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "नेतोस का रे?"

"नको काकू. मायलेज काय देते ही? अन् ठेवाले जागा कुठं आहे?" विक्कीने गाडी बंद केली.

म्हाताऱ्यांची जरा गंमत करावी, एवढंच बाईंच्या मनात होतं. पण पायरीवर ओळीने बसून गुडघे चोळणारी ती मंडळी पाहून त्यांनी चहा टाकला.

आवाज ऐकून शेजारची रितिका धावत आली. ती लग्नाआधीचे फोटो काढते. "काकू, शूटिंगला द्याल? सुरू नाही झाली तरी चालेल."

टेम्पोची अट बाईंनी स्वतःच मोडली. आता लग्नसराईत गाडी फुटाळा तलावावर जाते. भाड्याचं जॅकेट घातलेला नवरदेव स्टँडवरच्या गाडीवर बसून भरधाव वळण घेतो. देखरेखीला अख्खा क्लब हजर असतो. नवरीची बोटं टाकीला लागली की नत्थूजी फडकं घेऊन धावतात.

"काका, जरा फ्रेमच्या बाहेर," रितिका म्हणते. ते होतात.

परवा धम्मानंदांनी बाईंना हळूच बाजूला घेतलं. "वहिनी, माह्या घरीही एक उभी आहे. तिलेही पाहा ना जी एखादं लग्न."

"रंग कोणता?"

"काळा. कंपनीतून आली तेव्हाचा."

"मुलींना लाल पाहिजे असते."

मूळ रंगाला हात लावणाऱ्याला क्लबातून काढावं, असं आयुष्यभर सांगत आलेल्या धम्मानंदांनी नत्थूजी ऐकत नाहीत ना, ते पाहिलं.

"गडद चालते का फिक्का?" त्यांनी विचारलं.