सॉकेटमध्ये काहीच नव्हते

कवितेत मी सावल्यांना बोलू देते; घरात नाही. महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि कुणी असले अनुभव सांगू लागले की माझ्या चेहऱ्यावर जे सौजन्याचे हसू उमटते, ते आता तुमच्याही चेहऱ्यावर असेल. तरी लिहिते आहे... कारण भावाच्या राळेगावच्या घरात जे घडले, ते मी भरदुपारच्या लख्ख उजेडात पाहिले.

माझा धाकटा भाऊ अनिकेत यंदाच्या पावसाळ्यात काविळीने गेला. सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्यांच्या गटाची नोंद तो सांभाळायचा — वहीत नव्हे, ब्लॉकचेनवर. कुठला कापूस कुणाच्या शेतातला, हे पाच गावांतले पाच संगणक एकाच वेळी लिहून ठेवतात. त्यांना नोड म्हणतात. दर काही सेकंदांनी नोंदींचा नवा ब्लॉक बनतो, आणि प्रत्येक नोड आपल्या गुप्त किल्लीने — पासवर्डसारख्या एका फाइलने — त्यावर सही करतो. राळेगावची सही अनिकेतच्या नावाची. फार काळ सही आली नाही, तर सह्यांच्या यादीतून नाव गळते.

दिवाळीनंतर त्याची बायको मनीषा म्हणाली, "ताई, यादीतून त्यायचं नाव जाऊ देऊ नोका. तुमाले जमन ते."

जमण्यासारखे होते; अनिकेतने प्रत्येक कमांड एका वहीत निळ्या शाईने उतरवून ठेवली होती. शेवटच्या पानावर मात्र लाल अक्षरे — 'एक किल्ली, एकच मशीन. दोन ठिकाणांहून सही झाली तर नाव कायमचे बाद.' मी निर्धास्त होते. त्याच्या मशीनची डिस्क मीच काढून, सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली होती.

मंगळवारी सकाळी त्याच्या खोलीत लॅपटॉप मांडला. खिडकीतून उन्हात तापलेल्या सरकीचा तेलकट वास येत होता. काळ्या पडद्यावर वहीतली एकेक ओळ टंकत गेले : नोडला नाव दिले, पहिल्या ब्लॉकची फाइल आणली, बाकी चार गावांचे पत्ते भरले, सर्वांत शेवटी पेनड्राइव्हवरची किल्ली. जुने ब्लॉक उतरत राहिले, संथ धारेसारखे... आणि दुपारी दोनच्या सुमारास धार तुटली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उरली : या किल्लीची सही ताज्या ब्लॉकांवर आधीच आहे, नोड सुरू होणार नाही.

उमरखेडचा नोड अनिकेतचा मित्र विलास चालवतो. त्याला फोन लावला.

"काय मजाक करता ताई! राळेगावची सही तं रोज येते. मले वाटलं, तुमीच चालवून राह्यल्या."

"मी आज पहिल्यांदाच बसले आहे, विलास."

तो कीबोर्डवर काहीतरी शोधू लागला; टकटक मला ऐकू येत होती. मग म्हणाला, "एक गोष्ट हाये. तुमच्याकडची लाइन गेली का ते सही बी थांबते. मेन स्विच पाडून पाहा बरं."

लॅपटॉप बंद करून मी मेन स्विच खाली केला. पंखा मंदावला.

"थांबली," विलास म्हणाला.

वर केला.

"आली."

फ्रिज, टीव्ही, राउटर — घरातला प्रत्येक प्लग उपटला. सही येतच होती. मग एकेक बटण बंद करत मी अनिकेतच्या टेबलापाशी आले. जिथे त्याचे मशीन लावलेले असायचे, तिथल्या रिकाम्या सॉकेटवरचा बारीक लाल दिवा जळत होता. बटण दाबले.

"थांबली... ताई, त्यात काय लावलं हाये?"

"काहीच नाही."

पुन्हा चालू केले. तळहात जवळ नेला — तापलेल्या धुळीचा वास, आणि एक ऊब. चालत्या मशीनपाशी असते, अगदी तशी.

बोट बटणावर ठेवले. ते बंद करायचे, माझा नोड सुरू करायचा, नाव राखायचे — इतके सोपे होते. तेवढ्यात कणकेने माखलेला एक हात माझ्या हातावर आला. मनीषा केव्हापासून दारात उभी होती, कोण जाणे.

"राहू द्या, ताई."

"हे कोण आहे, आपल्याला माहीत नाही गं."

"म्हून तं म्हंतो. तुमी तुमचं चालू करान, अन् थे बी पुन्हा चालू झालं तं? दोन सह्या झाल्या का नाव जाईन त्यायचं. एकडाव गेले, तेवढं पुरे हाये."

मी लॅपटॉप मिटला.

नंतर इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घेतला. आत दोन तारा आणि कोळ्याचे जाळे. किल्ली चोरली गेली असेल, असे विलास म्हणतो. पण चोर माझ्या भावाच्या भिंतीतली वीज कशी वापरेल, हे त्यालाही सांगता येत नाही. मला तर नाहीच.

आणखी एक. गेल्या आठवड्यात अख्ख्या तालुक्याची लाइन सकाळपासून संध्याकाळपर्यंत नव्हती. मी मोबाइलवर सह्यांची यादी उघडून बसले होते. त्या दिवशी मात्र सही थांबली नाही.

मनीषाला हे मी सांगितलेले नाही. ती रोज सकाळी त्या बटणावरची धूळ पुसते — हलक्या हाताने, ते बंद होऊ न देता.