दादाचं चिनी रुखवत

माझ्या लग्नातल्या रुखवताची गोष्ट आमच्या दोन्ही घरांत कुणी काढत नाही. मीच काढते. ज्यांना ती झोंबली असती ते सगळे वर गेले, म्हणून आता जीभ मोकळी सोडायला हरकत नाही.

माझं माहेर हिंगोलीचं. लग्न ठरलं कळमनुरीला, शेतीवाडीच्या भरल्या घरात. त्या घरी आधी आलेल्या सुनांनी बारा-बारा टोपल्या रुखवत आणलं होतं, हे मध्यस्थानं आम्हाला तीनदा ऐकवलं. आमच्या मायची बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली. तिला लाडू वळवत नव्हते, कुरडयांचा सोऱ्या दाबवत नव्हता. मी एकटी किती करणार? मांडवात दोन दुरड्या मांडायच्या आणि जन्मभर टोमणे खायचे, एवढंच माझ्या पुढ्यात दिसत होतं.

त्याच उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ लढाईवरून सुटून आला. तो बंदूकवाला नव्हता. आसामातल्या छावणीत खानसाम्याच्या हाताखाली होता. तिथं जपान्यांशी लढायला चिनी पलटण उतरलेली होती. त्यांच्या भटारखान्यात माणसं कमी पडली की याला तिकडं पाठवत. दादा जाताना कोवळा होता, आला तो हडकुळा, कमी बोलणारा होऊन. बाबा त्याच्याशी जेवणापुरतंच बोलत. पाच वर्षं कुठं कुठं राहिला, काय काय खाल्लं, कुणास ठाऊक, असं ते लोकांना सांगत. घरच्याच पोराबद्दल.

माझं रडगाणं ऐकून दादा म्हणाला, "बाई, तू काहून जीवाला लावून घेऊन राहिली? तुजं रुखवत मी करतो. तुज्या सासूनं जन्मात पाहिलं नसंल असं."

आणि तो खरंच बसला. आमच्याकडं शेवया बाया करतात, पाटावर वळून. यानं गव्हाच्या पिठात पापडखाराचं पाणी घालून कणीक मळली, ओढून लांब केली, मधून दुमडली, पुन्हा ओढली. एकाचे दोन पदर, दोनाचे चार. बघता बघता हातात सुताची लड असावी तशी शेवई. पाट नाही, सुरी नाही. शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून बघायला आल्या. पुरुषाचे हात पिठात बघून हसल्या आणि जाताना कसं करायचं ते विचारून गेल्या. खारामुळं शेवयांना पिवळा रंग आला. बाजेवर धुतलेलं धोतर अंथरून त्यानं त्या वाळवल्या, एकेकीचं घरट्यासारखं वेटोळं करून.

कोपऱ्यावरच्या अत्तार चाचाकडून त्यानं बादियानची फुलं, म्हणजे आपलं चक्रीफूल, आणली. ती मिठाच्या पाण्यात उकळून त्यात भुईमुगाच्या शेंगा शिजवल्या आणि वाळवल्या. आल्याच्या चकत्या साखरेत मुरवल्या. मुळ्याच्या फोडी मिठात दाबून उन्हात काळपट केल्या. करडईच्या तेलात लाल मिरची तळून ती बरणीत भरली. बुरुडाकडून एक मोठी करंडी मुद्दाम विणून घेतली. तळाशी कडूनिंबाचा पाला, त्यावर शेवया, मधे बरण्या, फटींत शेंगा. मी हात लावायला गेले की मला बाजूला करायचा. परत आल्यापासून त्याला मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

एक घाणा त्यानं घरी शिजवला. मिरचीचं तेल घालून वाढला. बाबांनी दोनदा मागून खाल्ला आणि ताट चाटून पुसलं. "बराबर जमलंय," म्हणाले. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताआधी नवरदेव रुखवताला बसला. माझ्या दोन दुरड्या आणि मधोमध दादाची करंडी, वर तांबडं खणाचं कापड. मी आतल्या खोलीत उपाशीपोटी, दाराच्या फटीतून बघत होते. सासूबाईंनी कापड उचललं.

"हे काय म्हणायचं?"

माय कौतुकानं म्हणाली, "आमच्या पोरानं केलंय. लढाईत शिकून आलाय."

पोरीचं रुखवत पोरीच्या हातचं असतं, सासू त्यावरून सुनेचा हात जोखते. भावानं रांधलं म्हटल्यावर तिकडच्या बाया हसल्या. तेवढ्यावर भागलं असतं. पण सासूबाईंनी शेवईचं वेटोळं बोटांनी फिरवून पाहिलं. "पिवळी काहून हाय? अंडं घातलं व्हय?"

"न्हाई, आत्याबाई. पापडखार हाय," दादा म्हणाला.

"कुणाकडं शिकलास?"

"चिन्यांकडं."

ही त्याची चूक. साधी, सरळ, अभिमानानं केलेली चूक. एखाद्या हुशार माणसानं कलकत्त्याच्या बामणाचं नाव घेतलं असतं. मामंजी पुढे सरकले. त्यांनी विचारलं, तू त्यांच्याबरोबर जेवलास का? दादानं खाली बघून सांगितलं, "व्हय. एकाच पातेल्यातलं."

बाया करंडीपासून मागं सरकल्या. ज्या घरात लोणची चिनी मातीच्या बरणीत मुरत होती, ते घर चिन्याच्या नुसत्या नावानं विटाळलं. मामंजी एवढंच म्हणाले, "ही करंडी उचला." फक्त करंडी. देवाशपथ, त्यांनी त्याहून काही मागितलं नव्हतं.

पण आमचे बाबा हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "करंडीचं सोडा, पावणं. ह्यो पोरगा पंगतीलाबी बसणार न्हाई. आमच्यात त्याचं ताट येगळंच असतं."

खोटं. धडधडीत खोटं. दोन दिवसांपूर्वी त्याच्याच हातचं मागून खाणारा माणूस हे बोलला. व्याह्यानं बोट मागितलं, यांनी हात तोडून दिला. मायनं तोंडात पदर कोंबला. दादा बाबांकडं बघत राहिला, मग धोतराला हात पुसून बाहेर गेला. नवरदेवाचा कान पिळायला चुलतभाऊ उभा राहिला, मानाचा पटका त्यानं डोक्याला बांधला. मी अक्षता झेलल्या. मला निरोप द्यायला दादा नव्हता. तो गेला तो आसामकडंच गेला असावा, असं अत्तार चाचा नंतर म्हणाले, कारण बादियानची उरलेली फुलं परत देताना त्यानं तिकडचं नाव काढलं होतं. पुन्हा त्याची खबर आली नाही. बाबांनी शोध घेतला नाही. व्याह्यांत मान राहिला, असं मात्र ते मरेपर्यंत सांगत राहिले.

गंमत बघा, करंडी टाकली नाहीच. रुखवत मांडवात सोडून जाणं अपशकुनाचं, म्हणून ती माझ्याच गाडीत चढवली आणि कळमनुरीला माळ्यावर, गोवऱ्यांच्या मागं ढकलून दिली. येता-जाता मला तिचा कोपरा दिसायचा. दोन सुनांच्या देखत सासूबाई मला "चिन्याची बहीण" म्हणत. मी ऐकून घेत होते. करते काय?

दुसऱ्या पावसाळ्यात निजामी राजवटीचे शेवटचे दिवस चालले होते. रस्ते बंद, बाजार भरेना, गिरणी थंड. जमिनीतलं ज्वारीचं पेव पाण्यानं कुजलं. घरात लेकरं भुकेनं रडत होती. तेव्हा सासूबाईंनी स्वतः शिडी लावली आणि करंडी खाली उतरवली. निंबाच्या पाल्यानं शेवयांना कीड लागू दिली नव्हती. मला म्हणाल्या, "उकड. कुणाला सांगू नको."

मी उकडल्या, मिरचीचं तेल घातलं, शेंगा कुटून वर टाकल्या. मामंजींनी पहिला घास घेतला आणि मान खाली घालून सगळं ताट संपवलं. लेकरं बोटं चाटत होती. पापडखाराचं काय झालं, अंड्याचं काय झालं, विटाळ कुठं गेला, कुणी विचारलं नाही.

"चवीला बऱ्या हायत," मामंजी म्हणाले. "तुज्या भावाला निरोप धाड. सगळं थंड झालं की येऊन करून दे म्हणावं."

"कुठं धाडू, मामंजी?" मी विचारलं.

मग त्यांनी ताट पुढे केलं. "वाढ," म्हणाले.

मी वाढलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्याच्या बुडाशी चिकटलेल्या चार काड्या माझ्या वाट्याला आल्या. माझ्यासाठी केलेलं ते रुखवत मी तेव्हा पहिल्यांदा खाल्लं. गार झालं होतं, पण दादानं चांगलं केलं होतं.