शालनची पाठ

दुपारी जेवून रंगराव चौगुले जरा आडवे होतात. थोड्या वेळानं हॉस्पिटलात चौकशीला जायचंय. बायको शालन महिन्यापूर्वी गेली, पाठीच्या जखमेत पू होऊन. अर्चना सिस्टरनं हयगय केली, अशी रंगरावांची तक्रार. सिस्टर म्हणते, जखम आधीचीच होती. थापा नुसत्या! आज साहेबांपुढे ठणकावून बोलायचं, की त्या पोरीची नोकरी गेलीच म्हणून समजा.

डोळा लागतोय न लागतोय तोच पंख्याची घरघर वॉर्डातली होते. रंगराव कॉटांमधून चालत जातात आणि आपल्याच स्वयंपाकघरात पोचतात. गॅसशेजारी लोखंडी कॉट. तिच्यावर शालन, भिंतीकडे तोंड करून.

"जेवलात का?" ती विचारते. जाऊन महिना झाला, तरी बाईचं पहिलं बोलणं हेच!

"तुझ्यासाठीच निघालोय. त्या सिस्टरला सोडत नाही मी."

"काय केलं ओ तिनं? घडीघडीला कुशीवर वळवायची. आधी विचारायची, 'मावशी, दुखतंय का?' केस विंचरायची. एवढं माझं जन्मात कुणी केलं नव्हतं."

"मग पाठीला भोक कसं पडलं?"

शालन हळूच म्हणते, "ते घरातनंच नेलं होतं. अर्धांगानं एका अंगावर पडून होते. वास यायचा. तुम्ही उदबत्ती लावायचात."

रंगरावांना आठवतं. खरंच लावायचे.

"मग सांगायचं नाहीस होय गं?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

ती पदर बाजूला करते. कंबरेखाली वाटीएवढा काळा खड्डा. रंगरावांना बघवत नाही, पण आता नजर हलत नाही.

"पावडर घ्या हातावर. जखमेला नको, कडेनं लावा. सिस्टर लावायची तशी."

ते लावतात. पाठ गारढोण लागते.

"हलक्या हातानं ओ," शालन कण्हते.

"आबा, उठा!" मुलगा, विलास, खांदा हलवतोय. "रिक्षा थांबलीय."

रंगराव उठून बसतात. दोन्ही तळवे पावडरीनं पांढरे झालेत. घरात पावडरीचा डबा कधी आणलाच नव्हता.

"तक्रार मागं घ्यायची," ते म्हणतात. "जखम आपल्या घरातली होती. मी बघितलीच नाही रे."

विलास बघतच राहतो. "आबा, आधी हात तरी धुवा."

रंगराव हात मागं घेतात. शालनच्या पाठीला आज पहिल्यांदाच हात लावलाय त्यांनी.