'आला' म्हणेपर्यंत

बुऱ्हाणपुरात बसून मी नौदलावर कादंबरी लिहिते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मॅडम, इथे तर तापी आहे, समुद्र कुठून आणणार?" मी उभी हयात शाळेत इतिहास शिकवला. असल्या प्रश्नांना उत्तर तयार असतं. मुघलांवर लिहिणारे काय दरबारात चवऱ्या ढाळायला उभे होते? समुद्र मी सहलीला गेले तेव्हा साडी वर धरून घोट्याइतक्या पाण्यात पाहिलाय. तेवढा मला पुरला. बाकीचं वाचून कळतं, आणि जे वाचून कळत नाही ते आपल्या आसपास कुठेतरी असतंच, फक्त नजर हवी.

ज्या लढाईवर मी लिहितेय ती खरी आहे. दुसरं महायुद्ध, हिंदी महासागर. एक छोटं जहाज, त्यावरचे बहुतेक खलाशी आपले, सोबत एक तेलवाहू जहाज. समोरून शत्रूची दोन जहाजं आली, आकाराने थोरली, तोफाही कितीतरी जास्त. त्या छोट्या जहाजाने पळ काढला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्याने तोंड वळवलं ते थेट शत्रूकडे. शेवटी थोरल्यांपैकी एक बुडालं, दुसरं निघून गेलं आणि आपलं हे पोचे पडलेलं, होरपळलेलं जहाज बंदराला लागलं.

अशा लढायांच्या हकिगतीत कप्तान असतो, पदकं असतात. खालच्या कोठीतून वर तोफेपर्यंत हातोहात गोळे पोचवणाऱ्यांबद्दल फार तर एखादी ओळ. मला तेच हवे होते. त्यांच्यात मी तापीकाठचा एक शेतकऱ्याचा पोरगा आणून उभा केला. तो माझ्या मनातला, बाकी लढाई खरी.

ती रांग लिहिताना मी अडले नाही, कारण ती मी आमच्या शेतात पाहिली आहे. तुकईथडच्या वाटेवर आमची केळी आहे. कापणीच्या दिवशी घड खांद्यावरून ट्रकपाशी येतो, खालचा माणूस तो वर देतो, ट्रकमधला झेलतो. वरच्याने "आला" म्हटल्याशिवाय खालचा हात काढत नाही. कितीही घाई असो, ट्रकवाला कितीही हॉर्न वाजवो. घड पडला की डागाळतो, मग त्याला व्यापारी हात लावत नाही. माझ्या जहाजावरही प्रत्येक गोळा असाच जातो. जहाज हादरतंय, धुरात समोरचा माणूस दिसत नाही, पण "आला" ऐकू आल्याशिवाय कुणी सोडत नाही. शौर्य म्हणजे मला तरी तेवढंच कळतं.

आता घरातलं. आमची एकुलती एक मुलगी नौदलात अधिकारी आहे. तिची निवड झाली तेव्हा गल्लीने तिला डोक्यावर घेतलं, पण तिच्या पप्पांच्या तोंडाला कुलूप लागलं. ते रागावले नाहीत, अडवलंही नाही. फोनवर पाऊस, केळीचे भाव, शेजारच्यांची लग्नं, सगळं बोलायचे. जहाजाचं नाव काढलं की फोन माझ्या हातात. आणि सुट्टी संपवून ती निघाली की नेमकं त्याच दिवशी त्यांना शेतात काम निघायचं. स्टेशनवर ते कधी आले नाहीत. ती म्हणायची, "मम्मी, चलता है." पण गाडीच्या दारातून माझ्या मागे बघत राहायची. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मी लिहिलेलं मोठ्याने वाचून बघते, त्याशिवाय वाक्य कुठे लंगडतं ते समजत नाही. लढाईचं प्रकरण ओट्यावर बसून वाचत होते. हे अंगणात पाण्याच्या मोटारीचा पाइप जोडत होते, माझ्याकडे पाठ करून. मी थांबले तर पाठीतूनच आवाज आला.

"मंग? आलं का वापस, जहाज?"

"आलं," मी म्हटलं.

"सारे पोरं?"

"माझा पोरगा तरी आला."

त्यांनी पाइप ठोकून बसवला. मग म्हणाले, "त्या पोराचा बाप तू लिव्हलाच नाही."

"अहो, आरमाराची कादंबरी आहे. बापाचं तिथे काय काम?"

"हाओ, तेही खरं," म्हणाले आणि मोटार सुरू केली. मीही पान उलटलं. माझं प्रकरण झकास जमलं होतं, मला त्यात कुणाची लुडबुड नको होती.

या वेळी मुलगी सुट्टीवर आली ती बातमी घेऊनच. व्यापारी जहाजांवर हल्ले होतात त्या पाण्यात तिचं जहाज राखणीला जाणार होतं. लढाया लिहिणारी मी, तरी मला भीती वाटली, स्वच्छ सांगते. पण मला त्याहून जास्त धास्ती होती ती वेगळीच. या वेळीही हे शेतात निघून गेले, तर ती तशीच जाईल, मागे बघत.

ती निघायच्या दिवशी सकाळी हे खरंच घरात नव्हते. मी भांडी आपटत डबा भरला. रिक्षा दाराशी आली, तर हे मोटरसायकलवरून समोर हजर. मागे एक खोका बांधलेला. आमच्या शेतातली केळी, अजून हिरवी, पानात गुंडाळलेली, आणि वर इतवारा बाजारातून आणलेला दराबा, आमच्या गावची खास मिठाई. "जहाजावरच्या पोरांयले दे," मुलीला म्हणाले. जहाज हा शब्द मी त्यांच्या तोंडून तिच्यासमोर पहिल्यांदा ऐकला. तीही बघतच राहिली.

रिक्षामागून हे स्टेशनवरही आले. तिथे गाडी जेमतेम थांबते. ती चढली, तिची बॅग मी दिली. खोका यांनी उचलून दारापर्यंत नेला. तिने दोन्ही हातांनी धरला. यांनी सोडला नाही. गाडीची शिट्टी झाली, मागचे लोक "अरे चढो, चढो" ओरडायला लागले. हे तिच्याकडे बघत तसेच उभे, खोक्याखाली हात. 

मी पाठवलेलं लढाईचं प्रकरण तिने जहाजावर वाचलं होतं.

"आला, पप्पा," ती म्हणाली. जरा मोठ्याने, कापणीच्या टोळीसारखं.

तेव्हा त्यांनी हात काढले.

घरी आल्यावर मी कादंबरीत बापाचं पान घातलं. त्यात तो एक शब्द बोलत नाही. स्टेशनवर पोराची ट्रंक वर देतो आणि पोरगा हाक देईपर्यंत खालून धरून उभा राहतो.