कशावरून सरांचा शुक्रवार

आमच्या सरांचं खरं नाव फक्त त्यांच्या केबिनच्या पाटीवर उरलं होतं. बाकी सगळं विद्यापीठ, अगदी लिफ्टमनसुद्धा, त्यांना 'कशावरून सर' म्हणायचं. पाठीमागे, अर्थात. कोणी काहीही सांगितलं की सर चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कशावरून?" त्यात टोमणा नसायचा, हे तर आणखीच वाईट. माणूस मनापासून विचारतोय म्हटल्यावर चिडायचीही सोय नाही. "सर, लिफ्ट बंद आहे." "कशावरून?" मग लिफ्टमन बिचारा पुन्हा बटण दाबून दाखवायचा आणि दोघं मिळून न आलेल्या लिफ्टची वाट बघायचे.

घरीही तीच तऱ्हा. एकदा काकूंबरोबर ते एपीएमसी मार्केटला कांद्याची गोणी घ्यायला गेले. व्यापारी म्हणाला, "घ्या साहेब, एकदम गोड माल आहे." सरांनी आपला प्रश्न टाकला. तो म्हणाला, "चावून बघा ना!" सरांनी खरंच गोणीतला एक कांदा सोलून कराकरा चावला आणि डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना म्हणाले, "आता दुसऱ्या गोणीतला दे." काकू हे सांगताना कपाळावर हात मारायच्या. "अहो, लग्न ठरताना मी म्हटलं, मला तुम्ही पसंत आहात. तर काय विचारावं या माणसाने? मी म्हटलं, कर्म माझं!"

आमचं विद्यापीठ म्हणजे अवाढव्य कारभार. एका इमारतीत औषधं, दुसरीत काँक्रीट, तिसऱ्या मजल्यावर तारे आणि मागच्या बाजूला आम्ही, पर्यावरणवाले, आमच्या चिखलाच्या बाटल्यांसकट. दारात शिरलं की समोर भलामोठा स्क्रीन. त्यावर कोणत्या विभागाचा कोणता शोधनिबंध कुठे छापून आला ते दिवसभर सरकत असायचं. ज्याचा पेपर आला त्याने समोसे वाटायचे, ही आमची रीत. सर सगळ्या विभागांचे समोसे खायला जायचे. आधी समोसा संपवायचा, बोटं पुसायची आणि मग प्रश्न. औषधवाल्यांचे उंदीर असोत की काँक्रीटवाल्यांचे ठोकळे, सरांना सगळ्यातलं थोडं थोडं कळायचं आणि नेमकं दुखरं तेवढंच कळायचं. सर दिसले की लोक समोशांचा डबा झाकतात, असं आम्ही म्हणायचो. पण पेपर पाठवायच्या आधी गुपचूप त्यांच्याकडे वाचायला आणणारेही तेच लोक.

मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. माझं घर नावडेला. पप्पा तळोज्याच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर. आणि सरांचा सगळ्यात गाजलेला पेपर होता आमच्याच घरामागच्या नाल्यावर. कारखान्यांचं पाणी झेलणारा तो नाला वर्षानुवर्षं तपासून सरांनी दाखवलं होतं की तो सुधारतोय, पाण्यातलं विष कमी होतंय. वर्तमानपत्रात बातमी, परदेशातून निमंत्रणं, स्क्रीनवर सरांचा फोटो. विद्यापीठाचं संशोधन म्हटलं की साहेबलोक पहिलं नाव या पेपरचं घ्यायचे. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी सर निवृत्त होणार होते, पण या पेपरच्या जोरावर त्यांना पुढे ठेवून घ्यायचं आणि त्यांच्या नावाने नवी प्रयोगशाळा काढायची असं ठरलं होतं. सरांनी खोलीही निवडली होती. दिवसातून एकदा तरी तिथे जाऊन फ्रीज कुठे ठेवायचा याचा विचार करत उभे असायचे. मी चिडवलं की म्हणायचे, "तुला काय कळतंय, फ्रीज उन्हात नको."

माझा प्रबंध याच पेपरवर उभा. त्यामुळे दर शुक्रवारी मी कॅन घेऊन नाल्यावर. शुक्रवारच का? कारण विभागाची गाडी एरवी कोणी ना कोणी पळवायचं. शुक्रवारी सरांना लेक्चर नसायचं आणि गाडी त्यांच्या नावाने राखलेली असायची. विद्यापीठात रीत पडली की पडली.

एका शुक्रवारी मी बूट चढवत होते आणि आईने तोंड सोडलं. "अगं, आठवड्यातून एक दिवस तुझे पप्पा घरी असतात, मटण शिजतं, आणि नेमकी त्याच दिवशी तू नाल्यावर! दुसरा दिवस नाय मिळत तुझ्या सरांना?"

एक बूट पायात, एक हातात, अशी मी तिथेच बसले. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते, त्या दिवशी नाल्यात कोणी पाणी सोडत नाही. लहानपणापासून आमच्या घरी मटण रविवारी नाही, शुक्रवारी. हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण घर वेगळं आणि विद्यापीठ वेगळं, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं की दोन्ही कधी जोडलंच नाही. विभागात जाऊन जुन्या नोंदी काढल्या. सुरुवातीची वर्षं सर मंगळवारी जायचे. मग वेळापत्रक बदललं, शुक्रवार मिळाला, आणि नाला सुधारायला लागला.

मी मुद्दाम मंगळवारी जाऊन पाणी आणलं. तपासलं. पुन्हा एका बुधवारी गेले. नाला जसा होता तसाच होता, घाणेरडा.

मग मला जी भीती बसली ती काय सांगू! सांगितलं तर सरांचा पेपर जाणार, प्रयोगशाळा जाणार, नाव जाणार. माझा प्रबंधही बुडाला. नाही सांगितलं तर कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. ज्या माणसाने मला बोट धरून चिखलात उतरायला शिकवलं, त्यालाच जाऊन मी हे सांगायचं? केबिनपर्यंत जायचे आणि परत फिरायचे. शेवटी सरांनीच दारातून हाक मारली, "काय गं, घुटमळतेस काय?"

मी एका दमात सगळं सांगितलं. सरांनी चष्मा वर सरकवला. "कशावरून?"

"सर, मंगळवारी आणि बुधवारी जाऊन आले."

"गाडी कुणी दिली?"

"रिक्षाने गेले."

"कॅन घेऊन? रिक्षावाला काही बोलला नाही?"

"त्याला सांगितलं, फिनेल आहे."

सर हसले. मग बराच वेळ माझे आकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "शुक्रवार! काय गाढव आहे मी." आणि थोड्या वेळाने, "पेपर मागे घेऊ."

संशोधन विभागाच्या संचालकांनी आम्हाला दोघांनाही बोलावलं. "अहो सर, एवढ्या वर्षांत कोणी पकडली का ही चूक? नाही ना? मग कशाला उकरताय?"

"हिने पकडली," सर म्हणाले.

"ही तर आपलीच आहे."

"म्हणून तर लाज वाटते."

पेपर मागे घेतल्याचं पत्र आलं त्या दिवशी सरांनी समोसे वाटले. सगळ्या विभागांत स्वतः डबा घेऊन फिरले. लोकांना कळेना, खायचे की सांत्वन करायचं. काँक्रीटवाल्यांनी मात्र दोन-दोन उचलले, त्यांना बहुतेक जुना हिशोब चुकता करायचा होता. स्क्रीनवरून सरांचा फोटो गेला. मुदतवाढ मिळाली नाही. ती खोली दुसऱ्या विभागाला गेली आणि फ्रीज बरोब्बर उन्हात लागला. सर मला घेऊन तो बघायला गेले होते. हसत होते, पण परतताना जिन्यात थांबले आणि म्हणाले, "खोली चांगली होती गं."

निवृत्तीनंतर सर आणि काकू गुहागरकडे गावी गेले. मी आठवड्याचे सगळे दिवस घेऊन काम पहिल्यापासून केलं. जुन्या पेपरमध्ये काय चुकलं, हे माझ्या प्रबंधाचं पहिलंच प्रकरण. ते लिहायला सरांनीच लावलं होतं. मी त्यात 'काही त्रुटी' असं मऊ लिहिलं तर फोनवर म्हणाले, "त्रुटी कसली? चूक म्हण. तुझ्या पप्पांना कळेल असं लिही."

माझ्या तोंडी परीक्षेला सर एसटीने आले आणि मागच्या रांगेत माझ्या आईपप्पांशेजारी बसले. बाहेरून आलेले परीक्षक सरांना ओळखत नव्हते. पहिलं प्रकरण चाळत त्यांनी विचारलं, "ही मूळ चूक कोणाची?"

"आमची, सर," मी म्हणाले.

मागून खुर्ची सरकली. सर उभे राहिले होते. "आमची नाही. माझी. ती तेव्हा शाळेत होती."

परीक्षक जरा गोंधळले. मग गमतीने म्हणाले, "म्हणजे या प्रबंधात तुमचंही योगदान आहे म्हणायचं. काय लिहायचं?"

"चूक," सर म्हणाले. "ती लपवणं हिच्या हातात होतं. हिने लपवली नाही. आता पुढचं विचारा तिला, तयारी चांगली आहे तिची."

सगळे हसले. मला पुढचा प्रश्न ऐकूच आला नाही. परीक्षकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, आणि मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, हुंदके देऊन रडले.