दोन कप पाणी

पुतणी रेवा तिच्या आईवर छोटा सिनेमा करतेय. सुरुवात तिने मला दाखवली. जाऊबाई चहाचं पातेलं ठेवतात, की लगेच अंगण.

"मधलं कापलंस का गं?"

"काकू, आईचं चुकलं होतं तिथे."

म्हटलं, दाखव तरी. कॅमेरा हलत नव्हता. जाऊबाईंनी दोन कप पाणी मोजून पातेल्यात घातलं, थांबल्या, मग एक कप परत काढलं. दीर जाऊन दोनच महिने झालेत.

सिनेमातलं मला फारसं कळत नाही, पण माणूस कळायचा तर कॅमेऱ्यालाही घटकाभर थांबावं लागतं.

तिने तुकडा परत जोडला. जाऊबाईंनी पाहिला, म्हणाल्या, "आता नाही हो चुकत."

ओट्यावर सकाळी पातेल्यातून काढलेलं कपभर पाणी तसंच होतं.