दिव्याला पडलेलं खळं

आमच्या गाडीचा उजवा हेडलाइट सहा-सात महिन्यांत तीनदा दुरुस्त झाला. त्याच सहा-सात महिन्यांत आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, डोळे एकदाही कुणाला दाखवले नाहीत. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी स्वतःची बाजू सावरायला लागले तर वाचणाऱ्याने मला सोडू नये.

आबांची उभी हयात जळगावात पाइपच्या कारखान्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी गाडी घेतली ती एकाच कामासाठी. दर सोमवारी धुळ्याला अक्कांकडे जायचं. अक्का त्यांची थोरली बहीण. त्यांची आई लहानपणीच गेली तेव्हा शिरपूरकडच्या खेड्यात तिनेच त्यांना वाढवलं, आणि आता ती अंथरुणाला खिळलेली. स्वतः गाडी हाकत जायचं, दुधात कुस्करलेली भाकर तिला आपल्या हाताने भरवायची आणि दिवेलागणीला परत निघायचं. तो सोमवार गेला असता तर बाकीचे सहा दिवस कशासाठी उठायचं, हे आबांना सांगता आलं नसतं.

भर पावसाळ्यात एका सकाळी हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरलेली दिसली. आबांनी बॉनेट उघडून दिव्यामागे हात घातला, तर दोन बारीक रबरी नळ्या हाताला लागल्या. तोंडं उघडी. झालं! पाइपवाल्या माणसाला उघडं तोंड म्हणजे गळती, दुसरा अर्थच नाही.

"कंपनीनी हाई भोक उघडं कसं सोडं?" ते खरोखरच रागावले. पाइप जोडायचं सोल्यूशन आणून त्यांनी दोन्ही तोंडं बुजवली, वर टेप गुंडाळला. "आते एक टिपूस बी जावाव नही."

टिपूस आत गेला नाही, पण आतला बाहेरही आला नाही. दोन दिवसांत काचेच्या तळाशी थेंब साचले आणि आबा तक्रार करू लागले.

"समोरना दिवासले खळं पडस, माय."

खळं हा शब्द मी लहानपणापासून ऐकलेला. चंद्राभोवती गोल रिंगण दिसलं की आबा अंगणातून ओरडायचे, खळं पडेल शे, आते पाणी येई. खळं म्हणजे पाणी, एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दिव्याला खळं, म्हणजे दिव्यात पाणी. मी गाडी घराजवळच्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने दिवा काढून उन्हात वाळवला आणि कडेने सिलिकॉनचा जाड थर दिला. बुजलेल्या नळ्यांकडे त्याचंही लक्ष गेलं नाही. पंधरा दिवसांत काच पुन्हा आंधळी झाली.

मग एका सोमवारी मीही आबांसोबत निघाले आणि आम्ही धुळ्यातच एका म्हाताऱ्या मुसलमान कारागिराकडे गेलो. तो हेडलाइट उघडण्याचंच काम करतो. गरम हवेने कडेचा चिकट मसाला मऊ करून त्याने काच अलगद सोडवली, आतलं सगळं कोरडं केलं, आणि मग नळ्या हातात धरल्या.

"आबा, ये किसने बंद किया?"

आबा आभाळाकडे बघायला लागले. मला हसू आवरेना.

"बत्ती गरम हुई तो हवा बाहर जाती है, ठंडी हुई तो अंदर आती है," कारागीर म्हणाला. "पानी भी उसी रास्ते निकलता है. साँस तो लेने दो इसको."

त्याने नव्या नळ्या तोंड खाली करून बसवल्या, नवा मसाला भरून काच लावली आणि दुकानाच्या भिंतीवर दिवा टाकून दाखवला. स्वच्छ उजेड पडला. आबा म्हणाले, झकास.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे दिवस मावळला. आबा स्टिअरिंगला चिकटून, हळूहळू चालवत होते.

"माय, आते बी खळं शेच."

माझं डोकं फिरलं. अर्धा दिवस मी त्या दुकानात उभी होते. "आबा, दिवा आरशासारखा लख्ख झालाय. तुमचं समाधान ब्रह्मदेव आला तरी व्हायचं नाही. पुन्हा खळं म्हणालात ना, तर मी गाडीच विकून टाकेन!"

त्यांनी गाडी आणखी हळू केली. "ऱ्हाऊ दे. मना भरम व्हई."

त्यानंतर त्यांच्या तोंडून खळं निघालं नाही. मला वाटलं, मी जिंकले. हिवाळाभर एकही सोमवार चुकला नाही. फक्त ते भल्या सकाळी निघायचे आणि ऊन असतानाच परत यायचे. का, ते मी विचारलं नाही.

थंडी सरताना एकदा भर दुपारी गाडीची उजवी बाजू आमच्याच फाटकाच्या खांबाला घासली. खांब आबांना दिसलाच नव्हता. तेव्हा कुठे मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी विचारलं, "दिव्यांभोवती गोल रिंगण दिसायचं का?"

"हा. समोरना दिवासले."

समोरना. हा शब्द तेव्हा माझ्या कानात शिरला. आबा पहिल्या दिवसापासून समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांबद्दल बोलत होते. पाणी आमच्या दिव्यात असलं तर त्या गाड्यांच्या दिव्यांना खळं कसं पडेल? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

काचबिंदू, बाई म्हणाल्या. डोळ्यात तयार होणारं पाणी बाहेर जायची वाट बंद झाली, आत दाब वाढला, मागची नस सुकत गेली. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची.

"म्हंजे भोक बुजायनं आनि प्रेशर वाढनं," आबा म्हणाले. कारखान्यातला बिघाड समजून घ्यावा तितक्या शांतपणे.

उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डाव्याने त्यांना अर्ध्या इंचाच्या पाइपातून बघितल्यासारखं दिसतं. हे शब्द त्यांचेच.

आता सोमवारी गाडी मी चालवते. परत निघताना मी दिवे लावले की आबा खाली उतरून पुढे जातात. त्यांच्या पाइपात दिवा चटकन सापडत नाही. मग बॉनेटच्या कडेने चाचपत ते काचेवर तळवा ठेवतात आणि ती कोमट होईपर्यंत थांबतात.

परवाही तसंच झालं. "गरम शे, म्हंजे दिवा लागेल शे," म्हणत ते शेजारी येऊन बसले. बेल्ट त्यांना सापडेना, मी लावून दिला. मग इतके महिने मला जे विचारायचं होतं ते विचारलं. "आबा, तुम्ही मला पुन्हा सांगितलं का नाही?"

"तू गाडी इकी टाकशी म्हनीसन बोलनू नही, माय," ते म्हणाले. "मंग अक्काले कोन खावाडतं?"